घराचे तोंड कोणाचे?

'कौल' या शब्दाचे आमच्या आचऱ्यात दोन अर्थ चालतात. एक कौल घरावर असते, दुसरा कौल रामेश्वराच्या देवळात मिळतो. यंदाच्या चवथीला या दोघांनी मिळून मला पेचात टाकले.

आमचे घर जांभ्या चिऱ्यांचे. पुढे खळे, खळ्यात तुळस, वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर. मुंबईतल्या चाळीत जन्म काढलेल्या आणि आता बाराव्या मजल्यावर टांगलेल्या माझ्यासारख्या चाकरमान्याला हे छप्पर दिसले, की गाव आल्यासारखे वाटते. चवथीच्या आदल्या संध्याकाळी मी ओटीवर टेकलो, काकीने चहा पुढे केला आणि सहज म्हणाली, "औंदा कौलां काढून स्लॅब घालूया."

"काकी, घराचं रूप जाईल. वाडीचंही जाईल," मी म्हणालो.

"झिला, रूप तुका बघूक. पावसात टोपां माका मांडूची लागतत," ती म्हणाली आणि नारळ खोवू लागली.

वादात हरलेला माणूस रात्री अंथरुणात तोच वाद पुन्हा घालतो आणि तेथे हमखास जिंकतो. मीही जिंकलो. घर काकीचे, हे कबूल; पण घराचे तोंड कोणाचे? घराच्या आत मालक राहतो. बाहेरून ते शेजारी पाहतात, वाटसरू पाहतात. आपले तोंड जसे आपल्यापेक्षा दुसऱ्यांनाच अधिक दिसते, तसेच हे. उतरत्या छपरांच्या ओळीत एक सपाट स्लॅब आला, की सगळी वाडी दात पडल्यासारखी दिसते. मग वाडीला दोन शब्द बोलण्याचा हक्क नको काय?

असे मानणारा मी एकटा नाही. मुंबईत 1995 साली वारसा इमारतींचे नियम झाले. इमारतींच्या याद्या झाल्या, तीन श्रेणी ठरल्या, समिती नेमली गेली; यादीतल्या वास्तूला हात लावायचा तर आधी परवानगी घ्यायची. पणजीच्या फोंतेन्हासमधली रंगीत घरे अशाच निर्बंधांच्या छायेत उभी आहेत. किनाऱ्याविषयी 1991 साली निघालेल्या केंद्राच्या अधिसूचनेने तर आमच्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून 200 ते 500 मीटरांच्या पट्ट्यातील घराला 9 मीटर उंची आणि दोन मजले एवढीच मुभा ठेवली होती. किनाऱ्यावरच्या शहरांना तिने आणखी एक अट घातली होती : इमारत आसपासच्या परिसराला आणि स्थानिक बांधणीला शोभणारी हवी.

स्थानिक बांधणी! या शब्दापाशी माझी रात्रीची जीत डळमळू लागली. ज्या मंगलोरी कौलांसाठी मी काकीशी भांडलो, ती मुळात आमची कुठे? 1865 साली बासेल मिशनने मंगळुरात कारखाना काढला आणि यंत्रावर दाबलेली ही चपटी, खाचेत खाच बसणारी कौले तेथून किनाराभर पसरली. त्याआधी कोकणात छपरांवर गवत असे, नाही तर कुंभाराने हाताने थापलेली नळीची कौले. त्या वेळी गावात एखादी समिती बसली असती, तर "हे परदेशी सोंग आमच्या वाडीला शोभत नाही" असा शेरा मारून तिने आजोबांचा अर्ज परत पाठवला असता, आणि पुढे त्यांच्या नातवाला ओटीवर बसून हळवे व्हायला काही उरले नसते.

पण याहून मोठी अडचण टोपांची होती. मी मुकाट्याने माजघरात गेलो. बाहेर सर कोसळत होती आणि तीन टोपांत तीन निरनिराळ्या सुरांत पाणी ठिबकत होते. माकडांनी फोडलेली कौले. दर वर्षी शाकारणी करायची, तर तिचा खर्च काकीचा, गडी शोधण्याची पायपीट तिची. आणि सौंदर्य तेवढे माझे. मुंबईतही पुष्कळ जुन्या घरांचे असेच झाले. 1947 च्या कायद्याने भाडी गोठलेली, त्या भाड्यात एक खिडकी दुरुस्त होत नाही. आणि घराचा तोंडवळा राखण्याची आज्ञा मात्र मालकाच्या नावे. पाहणाऱ्याने पाहायचे आणि राहणाऱ्याने फेडायचे, हा कोणता न्याय?

आमच्या गावाला कडक नियम पाळता येत नाही असे मात्र कोणी म्हणू नये. गावपळण ठाऊक असेल आपल्याला. काही वर्षांनी रामेश्वराचा कौल होतो आणि सारे आचरा गुरेढोरे, कोंबडी-कुत्री घेऊन वेशीबाहेर पडते. तीन दिवस, तीन रात्री गावात चूल पेटत नाही. माणसे झोपड्या बांधून राहतात; जात पाहिली जात नाही, धर्मही पाहिला जात नाही. पुन्हा कौल झाला, की परत. हा नियम सरकारने केलेला नाही आणि मोडणाऱ्याला दंड करणारी कचेरी नाही. तरी तो चालतो, कारण बंगलेवालाही झोपडीत निजतो. ओझे अगदी सारखे असते असे नव्हे, म्हाताऱ्या हाडांना वेशीबाहेरची थंडी अधिक बोचते. पण "तुम्ही जा, आम्ही पाहतो" असे म्हणणारा कोणी मागे उरत नाही. मी मात्र काकीला नेमके हेच सांगत होतो.

सकाळी मी तिला म्हणालो, "कौलं राहू दे. शाकारणीचा खर्च दर वर्षी माझा."

ती हसली. "पैसे देतलंस, पण शाकारूक माणूस खंयसून आणतलंस?"

मला उत्तर सुचले नाही. मंगळुरातले कौलांचे पुष्कळसे कारखाने बंद पडले, आमच्या वाडीतला शाकारणारा म्हातारा झाला, त्याची मुले मुंबईत. माझ्यासारखीच.

"ऱ्हव दे, रामेश्वराक इचारूया," काकीने शेवटी तोड काढली.

दीड दिवसाचा गणपती पोचवून मी परतलो. देवाने काय सांगितले ते काकीने अजून कळवलेले नाही. पहिल्या वर्षाचे पैसे मी धाडले आहेत, आणि मे महिन्यात रजा काढून छपरावर चढणारा गडी शोधायला जाणार आहे.