गुहेत कोण राहतं?

भुयार खरं वाटायला हवं असेल, तर डंजन मास्टरला नेहमी एक सल्ला मिळतो: इथले राक्षस खातात काय, पाणी कुठून आणतात, झोपतात कुठे, ते ठरव. सल्ला चांगलाच आहे. त्याची किंमत मात्र सहसा कुणी सांगत नाही.

गॅरी गायगॅक्सचं ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ (१९७९) घ्या. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ शिकणाऱ्या कित्येकांचं हे पहिलं साहस. त्यातल्या दरीत कोबोल्ड, ऑर्क, गॉब्लिन अशा टोळ्यांच्या गुहा आहेत. तिथे नुसते लढवय्ये नाहीत. माद्या आहेत, पिल्लंही आहेत. आता तलवार उपसून आत शिरलेल्यांनी काय करायचं?

रिकाम्या खोलीत हा प्रश्न येत नाही. चूल दिसली की येतो. ‘ती जातच दुष्ट’ हे उत्तर मला पळवाट वाटतं. घर हौसेनं रंगवायचं, आणि ते मोडल्याचा हिशेब तेवढा टाळायचा!

गंमत म्हणजे जुन्या नियमांतच दुसरी वाट होती. सोन्याच्या एका नाण्याला अनुभवाचा एक गुण. त्यामानाने मारण्याचे गुण किरकोळ. समोरचा हल्ला करेल की बोलेल, हे १९८१च्या बेसिक नियमांत दोन फासे टाकून ठरवता यायचं. म्हणजे लाच, वाटाघाट, गुपचूप सटकणं, सगळं चालतं.

तेव्हा नकाशात झरा काढलात, तर त्या टोळीला काय हवंय, शेजारच्या गुहेशी तिचं का पटत नाही, हेही लिहून ठेवा. टेबलावर कुणीतरी ‘आधी बोलून बघू या का?’ म्हणेल, तेव्हा तुमच्याकडे द्यायला काहीतरी असेल.