सोवळे आणि कोमट पाणी

कपडा शुद्ध झाला, हे कशावरून म्हणायचे? भंडारा जिल्ह्यात या प्रश्नाची दोन उत्तरे पिढ्यानपिढ्या शेजारी नांदली. एक वैनगंगेच्या घाटावरचे: कपडे खारात भिजवले, भट्टीवर वाफवले, दगडावर आपटले, वाहत्या पाण्यात खंगाळले, की मळ गेला. दुसरे देवघरातले: धुतलेल्या धोतराला कुणाचा हात लागला नाही, म्हणून ते सोवळे. आंधळगावच्या मागावरचे कोशाचे वस्त्र रोज न धुताही पूजेला चालते. परिटाने उकळून आणलेले सुती धोतर मात्र पुन्हा पाण्यातून काढावे लागते. म्हणजे मळ किती उरला याला सोवळ्याच्या हिशेबात जागाच नाही. हा हिशेब मुळातच चुकला आहे, असे माझे म्हणणे आहे.

मनुस्मृतीचा पाचवा अध्याय रेशीम आणि लोकर खाऱ्या मातीने, कांबळी रिठ्याने शुद्ध करायला सांगतो. हे चोख व्यवहारज्ञान आहे, आणि ते धुणाऱ्यांच्या हातांतूनच ग्रंथात आले असणार. त्याच ग्रंथाचा चौथा अध्याय कपडे धुणाऱ्याचे अन्न वर्ज्य ठरवतो. खार हवा, पण खारात भिजणारा हात नको. ही गोष्ट पोथीतच राहिली नाही. १९६० पूर्वी, जुन्या मध्य प्रदेशाच्या यादीत भंडारा जिल्ह्यातला धोबी समाज अनुसूचित जातींत होता. सगळ्यांचे कपडे स्वच्छ करणाऱ्यांच्या वाट्याला काय आले, याची ती सरकारी नोंद. याच जिल्ह्यात, वैनगंगेकाठच्या पवनीला १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडले. त्या परंपरेतल्या वत्थूपम सुत्तात मळक्या आणि स्वच्छ कापडाचाच दृष्टान्त आहे, आणि नदीत बुडी मारून पाप धुतले जाते ही समजूत तिथे स्पष्ट नाकारली आहे.

आता घरात वॉशिंग मशीन आले आहे. हीटर असलेली यंत्रे धुताना पाणी तापवतात, खंगाळताना मात्र सहसा नळाचे थंड पाणीच घेतात. डिसेंबरात ते इतके गार असते की सुटलेला तेलकटपणा पुन्हा धाग्यावर बसतो, आणि पावडरीचा पांढरा पट्टा काळ्या कपड्याच्या शिवणीत अडकून राहतो. कोमट पाण्यात तो विरघळतो. दहा लिटर पाणी २० अंशांवरून ४० अंशांवर न्यायला जेमतेम पाव युनिट वीज लागते. मे महिन्यात तर गच्चीवरच्या टाकीतून ते फुकट मिळते. खंगाळणे म्हणजे मळ काढणारा साबणही काढून टाकणे. शुद्धीची याहून नेमकी व्याख्या मला सापडत नाही, आणि तिच्यात जातीला शिरायला फट नाही. यंत्राने धुतलेले वस्त्र कुणी विटाळलेले मानत नाही. मग तेच काम करणारा हात विटाळ कसा करत होता?

यावर कुणी म्हणेल, सोवळे हे स्वच्छतेसाठी नव्हतेच, ते मनाच्या शिस्तीसाठी होते. शिस्तीचा मान मी राखतो. पण शिस्त स्वतःला लावायची असते. स्वतःचे धोतर स्वतः धुवावे, दुसऱ्याला लांब उभे करून ती साधत नाही. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: यंत्राने घाटावरच्या माणसाची भाकरी काढली. हे नाकारता येत नाही. अपमान संपला आणि रोजगारही गेला, याला न्याय म्हणता येणार नाही.

शिवाय यंत्रही हातांवाचून टिकत नाही. जड पाण्याचा थर हीटरवर चढतो, फिल्टरमध्ये केस आणि गाळ साचतो, कोंबून भरलेल्या ड्रमने बेअरिंग झिजते. फिल्टर आपण स्वतः महिन्याला उघडावा, ड्रम थोडा रिकामा ठेवावा, हीटरचा थर वेळच्या वेळी काढावा. एवढे करूनही कधीतरी मेकॅनिक बोलवावाच लागतो, आणि आपल्या कपड्यांचा चिकट गाळ तो बोटांनी काढतो. त्याचे हात धुऊन झाले की आपण पितो त्याच पेल्यातून त्याला पाणी द्या.