ते बाजारचे आहेत

गेल्या जुलैत ऑफिसमधले चार जण नाणेघाट बघायला आले होते. परतताना आमच्याकडे जेवायला थांबले. जुन्नरकडचं घर म्हटल्यावर मासवडी झालीच पाहिजे. ती झाली, सोबत झणझणीत रस्सा, बाजरीची भाकरी, आणि ताटाच्या कडेला आईची हिरव्या टोमॅटोची चटणी. शेंगदाण्याचं कूट, लसूण, तव्यावर डाग पडेपर्यंत परतलेले कच्चे टोमॅटो, एवढंच असतं त्यात. पण मासवडी बाजूला राहिली आणि चौघे चटणीवरच तुटून पडले. एकीने आईला विचारलं, "काकू, हे टोमॅटो आम्हाला मिळतील का? पैसे देऊन घेतो हं."

शेडमध्ये त्या दिवशी तोडा झालेले साठेक क्रेट रचून ठेवले होते. लालसर, एकसारखे, चकचकीत. बाहेर टेम्पो उभा होता. आई त्यांच्या समोरून गेली, घरामागच्या माझ्या वाफ्यात शिरली आणि पिशवीत वेडेवाकडे, कुठे तडकलेले, कुठे देठाशी हिरवे राहिलेले दोन-अडीच किलो टोमॅटो घेऊन आली. मैत्रीण म्हणाली, "अहो, एवढे क्रेट भरलेत की, त्यातलेच द्यायचे!"

आई म्हणाली, "ते नको गं. ते बाजारचे आहेत."

सगळे हसले. काहीतरी गोड, गावाकडचं ऐकल्यासारखे. मला मात्र हसू आलं नाही. टेम्पो तासाभरात नारायणगावच्या मार्केटला जाणार होता आणि तिथून माल कुठेही गेला असता, पुण्यालासुद्धा. मैत्रीण पाषाणला राहते. आईने तिला जे द्यायचं टाळलं, तेच तिने सोमवारी कोपऱ्यावरच्या गाड्यावरून पैसे मोजून घेतलं असेल, ही शक्यता काही फार लांबची नाही.

शेतकरी घरात वाढलेल्यांना यात नवं काही वाटणार नाही. घरासाठी वेगळा वाफा, वेगळी ओळ, विहिरीजवळचा वेगळा तुकडा हे आमच्याकडे घरोघर असतं. त्याला औषध मारत नाहीत, मारलंच तर कडुनिंबाचा अर्क किंवा ताक. आमचं वावर दीड एकर टोमॅटोचं. त्याला नागअळी, फळ पोखरणारी अळी, पांढरी माशी, ढगाळ हवा पडली की करपा, यांच्यासाठी आठवड्यात एकदा, कधी दोनदा पंप पाठीवर चढतो. मी लहान असताना हे दोन प्रकारचे टोमॅटो मला आपला आणि शाळेचा डबा असतात तसे वाटायचे. दोन आहेत, बस.

चार वर्षांपूर्वी घरून काम सुरू झालं आणि मी गावी परतलो. सकाळच्या मीटिंगच्या आधी हाताला काहीतरी हवं म्हणून घरामागचे तीन वाफे माझ्याकडे घेतले. गवार, घेवडा, शेपू, वांगी, शेडच्या पत्र्यावर चढवलेला दोडका, आणि टोमॅटो. या वाफ्यांनी मला जो आनंद दिला, तो मी कमी लेखणार नाही. पहिल्या घेवड्याची आमटी झाली त्या दिवशी मी आईच्या आधी पातेल्यात डोकावलो होतो. वांग्यात अळी निघाली तर मी तिचा फोटो काढायचो, इन्स्टाग्रामवर टाकायचो, खाली लिहायचो की हिलाही माझं वांगं आवडलं. लोक बदाम पाठवायचे.

आप्पांना वावरात अळी दिसते तेव्हा ते फोटो काढत नाहीत. त्यांना बांबू, तार, मल्चिंग पेपर, रोपं, मजुरी असा सगळा हिशोब दिसतो. माझ्या अळीचं मला कौतुक वाटतं, कारण माझा पगार एक तारखेला वांग्याला न विचारता जमा होतो. हे कळायला मला तीन वर्षं लागली, आणि कळल्यावर वाफ्यात बसायची मजा थोडी उतरली. बागकामाच्या रीलमध्ये शांत संगीत लावून जे दाखवतात, ते शेतीचं सुख आहे असं मीही धरून चाललो होतो. खरं तर विकावं लागत नाही, याचंच ते सुख होतं.

'ते बाजारचे आहेत' यावर मी त्या रात्री आप्पांशी बोललो. बोललो म्हणजे भांडलो. जे आपण खात नाही ते विकायचं कसं, असा माझा साधा प्रश्न होता. आप्पा म्हणाले, "बिनऔषधाचा माल घिऊन जा मार्केटला. व्यापारी एकदा क्रेटकडं बघंल अन् एकदा तुझ्याकडं बघंल."

मी मार्केटला गेलो नाही. मी तरुण आणि हुशार असल्यामुळे मधली साखळीच काढून टाकायची ठरवली. दोन ओळी आप्पांकडून मागून घेतल्या, त्यांना फवारणी बंद केली, आणि पुण्यातल्या ओळखीच्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला. पहिल्या खेपेला तीन क्रेट गेले. दुसऱ्या खेपेला निम्मी फळं अळीने आधीच चाखली होती. उरलेल्यातली बरी निवडून पाठवली. ग्रुपवर एक फोटो आला. कापलेला टोमॅटो, आत अळी, खाली तीन प्रश्नचिन्हं. तिसऱ्या खेपेला ऑर्डर अडीच किलोची होती. लोक वाईट नव्हते. 'नैसर्गिक हवं' असं म्हणताना डोळ्यासमोर जे फळ येतं, ते औषध मारलेल्या टोमॅटोसारखंच दिसतं, इतकंच. आणि मी तरी काय करतो? पुण्यात असलो की गाड्यावरचा टोमॅटो उचलतो, फिरवून बघतो, डाग दिसला की ठेवून देतो. माझ्या हाताला ती सवय आहे. आप्पांच्या पंपाचं बटण त्या हाताने दाबलं जातं, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही.

पण एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ग्राहकाला डाग नको असतो हे खरं. डाग घालवायला काय वापरलं आणि त्यानंतर किती दिवसांनी तोडलं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं, हेही तेवढंच खरं. इमॅन्युएल कांटने १७९५ साली शाश्वत शांततेवर लिहिलेल्या निबंधाच्या परिशिष्टात एक कसोटी दिली आहे. तिचा भावार्थ असा, की दुसऱ्याच्या हक्काशी संबंध असलेलं कृत्य ज्या नियमाने करतो, तो नियम जाहीर केला तर कृत्यच फसणार असेल, तर ते कृत्य अन्यायाचं आहे. कांटपुढे राज्यं आणि तह होते. मी ती कसोटी क्रेटला लावून बघितली. क्रेटवर पाटी लावायची: 'हे आम्ही घरी खात नाही.' लागेल?

लागणार नाही. पण मग मला माझं आधीचं काम आठवलं. एका ॲपसाठी लोकांना रात्री अकराला परत खेचून आणणाऱ्या नोटिफिकेशनवर मी वर्षभर काम केलं. आपण बनवलेलं आधी आपण वापरून बघायचं, असा आमच्या धंद्यात संकेत आहे. आमच्या टीममधल्या प्रत्येकाने स्वतःच्या फोनवर ती नोटिफिकेशन बंद करून ठेवली होती. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. त्यामुळे आप्पांवर आवाज चढवताना माझ्या पायाखाली फारशी जमीन नव्हती.

शिवाय एक मोठा फरक आहे, आणि तो आप्पांच्या बाजूचा आहे. मी जे बनवलं त्याचा त्रास मला होत नव्हता. औषधाचा पहिला घोट फवारणाऱ्याच्याच छातीत जातो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. ते कुणाला काही विकायच्या आधीच गेले. आप्पा तोंडाला उपरणं गुंडाळतात. मी आणून दिलेला मास्क शेडमध्ये खुंटीला आहे. त्यात गुदमरायला होतं म्हणतात. बाटलीवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. गावात हे रंग कुणाला पाठ नाहीत, पण बाटलीतल्या पदार्थाला सगळे 'औषध' म्हणतात. आता हायवेवर 'विषमुक्त भाजीपाला' अशा पाट्या लागल्यात. बाटली तीच आहे. आम्ही वापरताना तिला औषध म्हणतो आणि विकताना नसली तर विष.

जाहीर करणं अशक्य असतं असंही नाही. आमच्या भागात काळी जम्बो द्राक्षं होतात, बरीचशी परदेशी जातात. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश सापडला म्हणून युरोपात भारतीय द्राक्षं अडली, बागाइतदारांचं मोठं नुकसान झालं. निर्यातीच्या द्राक्षाचा आज कुठला बाग, काय तपासलं, याचा माग ग्रेपनेट नावाच्या प्रणालीवर काढता येतो. म्हणजे पाटी लावता येते. ती समोरच्याने मागितली, न लावणं महाग पडलं, म्हणून लागली. टोमॅटो खाणाऱ्या पुण्या-मुंबईच्या माणसाने ती मागितलेली नाही. त्याचे नियम कागदावर आहेत, पण आमच्या टेम्पोला आजवर कुणी ते विचारलेलं मला आठवत नाही.

आईचं काय? तिचा मी बराच विचार केला. स्वतःच्या पोराला चांगलं द्यावं, परक्याला जे असेल ते, यात मला फार मोठं पाप दिसत नाही. माणसं अशीच असतात. पण त्या दिवशी पिशवी मिळाली ती पोराला नव्हे. ती मुलगी आमची कुणी नव्हती. तासभर आमच्या ओसरीवर मांडी घालून बसली, चटणी दोनदा मागून घेतली, तेवढ्यावर ती 'बाजार' या शब्दातून बाहेर आली. याचा अर्थ आईच्या मनातली रेघ आपलं आणि परकं अशी नाही, दिसलेलं आणि न दिसलेलं अशी आहे. आणि ती रेघ पुसायला काय लागतं, तर एक जेवण. पण लिलावात क्रेट पुढे सरकतो तेव्हा कुणी कुणाच्या ओसरीवर बसलेलं नसतं.

ते टोमॅटो खाऊन कुणी आडवं पडत नाही, हेही सांगायला हवं. लग्नाकार्यात, हॉटेलात आम्हीही तेच खातो. मुद्दा दिवसांचा आहे. प्रत्येक बाटलीच्या माहितीपत्रकावर, फवारणीनंतर किती दिवस थांबून फळ तोडायचं, हे छापलेलं असतं. थांबलं की अंश उतरतो. आप्पा एरवी थांबतात. २०२३ च्या जुलैत थांबले नव्हते. त्या वर्षी उन्हाळ्यात भाव इतका पडला होता की ठिकठिकाणी लोकांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले, आणि जुलैत नारायणगावला वीस किलोचा क्रेट दोन हजारांच्या वर गेला. त्या दिवसांत तोडा एक दिवसाने पुढे ढकलणं म्हणजे नोटा वावरात सोडून येणं. त्या हंगामात आमच्या घरामागे सिमेंटची पाण्याची टाकी झाली. माझ्या वाफ्यांना ठिबक त्याच टाकीतून येतं. माझ्या बिनऔषधाच्या घेवड्याचं पाणी त्या जुलैचं आहे, आणि माझ्या इंजिनिअरिंगची फी त्याआधीच्या कितीतरी जुलैंची.

हे लक्षात आल्यावर मी मोठी भाषा सोडली. आप्पांना एवढंच म्हणालो की अळीसाठी मारा, करप्यासाठी मारा, पण दिवस मोजू. शेडच्या पत्र्याच्या दारावर खडूने लिहायचं: तारीख, औषध, किती दिवस. तेवढे दिवस झाल्याशिवाय तोडा नाही. म्हणजे निदान क्रेटमधला टोमॅटो आईने घरात घ्यायला हरकत नसावी. आप्पा कुरकुरले, पण ऑगस्टपासून दारावर आकडे दिसायला लागले. एका खेपेला दोन दिवस थांबल्यामुळे बराच माल जास्त पिकला आणि पडेल भावाने गेला. आप्पा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तो तोटा मी पगारातून भरून द्यायची भाषा केली, तेव्हा जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांचं बरोबर होतं. मी माझ्या सद्सद्विवेकाचं बिल त्यांच्या नावावर फाडत होतो आणि वर टिप देत होतो.

आईने अजून एकदाही क्रेटमधला टोमॅटो चटणीला घेतलेला नाही. दारावर काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं. म्हणाली, "असू दे. मागं असताना ते कशाला?"

गेल्या आठवड्यात भाव अचानक चढला. सोमवारी आप्पांनी स्वतःच्या हाताने दारावर तारीख लिहिली होती, पुढे पाचचा आकडा. बुधवारी माझी मीटिंग लांबली. दुपारी बाहेर आलो तर शेड रिकामं होतं, टेम्पो गेलेला, आणि दारावर ओल्या फडक्याने पुसल्याचा पांढुरका पट्टा. आप्पा ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी वर बघितलं नाही, मीही विचारलं नाही. आतून आईने हाक मारली, मागून दोन टोमॅटो आण. मी जाऊन घेऊन आलो.