नियम पाळणारा निर्दोष असतो काय?

एकोणीस वर्षांचा एक मुलगा. गाव अमेरिकेच्या युटा राज्यातले, मुक्काम ब्राझीलमध्ये साओ पावलो शहरातल्या भाड्याच्या खोलीत. काळ १९७० च्या आसपासचा. सकाळी साडेसहाला तो उठतो. प्रार्थना, न्याहारी, धर्मग्रंथाचे वाचन, मग पोर्तुगीज भाषेचा अभ्यास. पांढरा सदरा, टाय आणि छातीवर नावाची पट्टी लावून तो बाहेर पडतो, तो रात्री साडेनवाच्या सुमारास परततो. साडेदहाला दिवा बंद. असे पूर्ण दोन वर्षे.

हा मॉर्मन पंथाचा मिशनरी. जोसेफ स्मिथ यांनी १८३० साली न्यूयॉर्क राज्यात हा ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याचे मुख्य ठाणे युटामधील सॉल्ट लेक सिटी येथे आहे. त्यांचे सत्तर हजारांहून अधिक मिशनरी आजही जगभर फिरत असतात. कोणत्या देशात जायचे हे मुलगा ठरवत नाही. चर्चच्या अध्यक्षांच्या सहीचे पत्र येते आणि तो निघतो. पगार नाही. उलट खर्च त्याने स्वतःच्या बचतीतून किंवा घरच्यांनी करायचा. दोन वर्षे सिनेमा नाही, मैत्रीण नाही, दारू-तंबाखू नाही. चहा-कॉफीसुद्धा नाही, आणि तीही कॉफी पिकवणाऱ्या ब्राझीलमध्ये! आठवड्यातला एक दिवस कपडे धुण्याला, बाजारहाटाला आणि घरी पत्र लिहायला. आता नियम थोडे सैल झाले आहेत. २०१२ पासून मुलगे अठराव्या वर्षी जाऊ शकतात, २०१९ पासून दर आठवड्याला घरी फोन करता येतो. पण चौकट तीच आहे.

मी शिक्षक आहे. या वयाच्या मुलांना पहाटे उठवणे म्हणजे काय हे मला ठाऊक आहे. तेव्हा या मुलाची चेष्टा करण्याचा विचार माझ्या मनात येत नाही. रोज शंभर दारे ठोठवायची, नव्वद दारे तोंडावर बंद होतात असे समजून चालायचे आणि तरी दुसऱ्या दिवशी निघायचे, ही साधी गोष्ट नव्हे. या पोराला ‘एल्डर’ म्हणजे वडीलधारा म्हणतात. ऐकताना गंमत वाटते, पण काही बाबतीत तो खरोखरच वयापेक्षा मोठा असतो.

आणखी एक नियम आहे. मिशनरी कधीही एकटा नसतो. जोडीदार सतत बरोबर, नजरेच्या आणि हाकेच्या टप्प्यात. येशूने शिष्यांना दोन-दोन करून पाठवले, हा त्याला आधार. भगवान बुद्धांनी पहिल्या साठ भिक्खूंना चारिकेसाठी पाठवताना याच्या उलट सांगितले होते, की दोघांनी एका वाटेने जाऊ नये. अर्थात परक्या मुलखात सोबत असणे सुरक्षित असते, हे मान्यच. पण मनात शंका आली तर ती शांतपणे तपासायला या मुलाला एकांतच मिळत नाही, हेही खरे.

आणि शंका यावी असे एक कारण त्या काळी त्याच्यापुढे रोज उभे होते.

या पंथात बाराव्या वर्षाच्या सुमारास जवळजवळ प्रत्येक मुलाला पौरोहित्याची दीक्षा मिळू लागते. तेथे पुरोहित हा वेगळा वर्ग नाही, सर्व पुरुष पुरोहित. ऐकायला किती समतेचे वाटते! पण १८५२ साली त्यांचे नेते ब्रिगहॅम यंग यांनी जाहीर केले की काळ्या माणसाला ही दीक्षा मिळणार नाही. खुद्द जोसेफ स्मिथ यांच्या हयातीत, १८३६ साली, एलायजा एबल या काळ्या गृहस्थाला ती मिळाली होती. तरीही बंदी सव्वाशे वर्षे टिकली. काळ्या माणसाचा बाप्तिस्मा होई, पण त्याला प्रार्थनेतली भाकर आशीर्वादता येत नसे, मिशनरी होता येत नसे, आणि मंदिरातले विवाहासारखे पवित्र विधी त्याला व त्याच्या पत्नीलाही बंद होते.

ब्राझीलमध्ये तर वंश इतके मिसळलेले, की चेहऱ्यावरून काही कळत नाही. म्हणून मिशनऱ्यांना वरून सूचना असत: आफ्रिकन वंशाच्या लोकांना शोधत जाऊ नका. शिकवणे सुरू असलेल्या कुटुंबाचीही पारख करा. मग हा मुलगा घरातला फोटोंचा अल्बम बघायला मागे, आजोबा-पणजोबा कुठून आले ते गोडीने विचारी. घरच्यांना वाटे, परदेशी पोरगा किती आपुलकीने चौकशी करतो! वंश विचारून माणसाची पायरी ठरवण्याची ही रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको.

आता प्रश्न असा, की या मुलाला दोष द्यावा काय?

त्याच्या बाजूने बोलणारे म्हणतील, नियम त्याने केला नाही, तो लहान आहे, आज्ञापालन हाच त्याला सद्गुण म्हणून शिकवला गेला. यातले काहीच खोटे नाही. पण साडेसहाला उठण्याचा नियम आणि अल्बम बघण्याचा नियम, दोन्ही तो एकाच मनाने पाळतो, येथे माझी अडचण आहे. पहिल्या नियमाचा भार त्याच्या स्वतःच्या अंगावर पडतो. झोप त्याची मोडते, कॉफी त्याची सुटते. असा नियम केवळ श्रद्धेने पाळला तरी कोणाचे बिघडत नाही. दुसऱ्या नियमाचा भार मात्र समोरच्या कुटुंबावर पडतो, आणि त्यांना ते कळतही नाही. दुसऱ्याच्या अंगावर पडणारा नियम स्वतः तपासल्याशिवाय पाळण्याचा अधिकार कोणालाच नाही, मग तो कितीही पहाटे उठत असो. स्वतः कष्ट सोसले की आपण केलेले सारेच शुद्ध झाले, असे माणसाला वाटू लागते. कडक व्रते पाळणाऱ्यांच्या बाबतीत हा धोका नेहमीचाच आहे.

वयाचे म्हणाल, तर ऑक्टोबर १९६९ ची घटना पाहा. अमेरिकेच्या वायोमिंग विद्यापीठाच्या फुटबॉल संघात चौदा काळे खेळाडू होते. मॉर्मनांच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाविरुद्धच्या सामन्यात या बंदीच्या निषेधार्थ काळ्या फिती लावाव्यात, असे त्यांनी ठरवले. प्रशिक्षकाने चौदाही जणांना संघातून काढून टाकले. तीही कॉलेजातलीच मुले होती.

पण सर्व मिशनरी एका मापाने मोजता येणार नाहीत. १९७२ साली रिओ दी जानेरोत दोन मिशनरी हेल्व्हेसिओ मार्टिन्स या काळ्या गृहस्थांच्या घरी गेले. तुमचा पंथ काळ्यांना कसे वागवतो, असे मार्टिन्स यांनी विचारले. मुलांनी उत्तर लपवले नाही. सारे ऐकूनही मार्टिन्स यांनी त्याच वर्षी कुटुंबासह तो पंथ स्वीकारला. पुढे साओ पावलोत मॉर्मनांचे मंदिर उभे राहू लागले, तेव्हा ज्या मंदिराचे विधी त्यांना बंद होते त्याच मंदिरासाठी या कुटुंबाने झीज सोसली. मी त्यांच्या जागी असतो तर हा निर्णय घेतला नसता. पण तो त्यांनी पूर्ण माहितीनिशी घेतला. अल्बम पाहून ज्यांच्या दारावरून मिशनरी गुपचूप निघून गेले, त्यांना ही संधीसुद्धा मिळाली नाही.

जून १९७८ मध्ये अध्यक्ष स्पेन्सर किम्बॉल यांनी ईश्वरी आदेश झाल्याचे सांगून बंदी उठवली. बंदीच्या समर्थनार्थ सांगितले गेलेले सिद्धान्त आता आम्हाला मान्य नाहीत, असे चर्चने २०१३ साली प्रसिद्ध केले. त्या जूनमध्ये ब्राझीलमधली मुले नेहमीप्रमाणे साडेसहाला उठली आणि कालपर्यंत टाळलेली दारे ठोठवू लागली. झाले ते चांगलेच झाले. पण पहिल्या आठवड्यात दार टाळणारा आणि दुसऱ्या आठवड्यात तेच दार ठोठवणारा मुलगा एकच आहे, आणि दोन्ही वेळा त्याने केले ते एकच, म्हणजे आज्ञापालन. मग दुसऱ्या आठवड्यातला चांगुलपणा त्याचा म्हणायचा की पत्रावर सही करणाऱ्याचा? आणि तो त्याचा नसेल, तर पहिल्या आठवड्यातला दोषही त्याचा नाही, असे तो म्हणू शकेल. मला हे म्हणणे पटत नाही. काळ्या फिती लावू पाहणारी ती चौदा मुले मला आठवतात.

हेल्व्हेसिओ मार्टिन्स १९९० साली त्या चर्चच्या वरिष्ठ अधिकारी मंडळात गेले. तेथे पोहोचलेले ते पहिले काळे गृहस्थ. त्यांचा मुलगा मार्कुस याचे १९७८ साली लग्न ठरले होते. बंदी उठताच त्याने ते पुढे ढकलले आणि पांढरा सदरा घालून तो दोन वर्षांसाठी दारोदार हिंडायला निघाला.