घनसाळच्या पाटीखालचा तांदूळ

‘अस्सल आजरा घनसाळ’ या पाट्या या आठवड्यात पुन्हा इतक्या ठिकाणी झळकल्या की, आजरा हा कोल्हापूरचा एक तालुका नसून स्वतंत्र राज्य असावे, असे कोणालाही वाटावे. अस्सलपणाची ग्वाही पाटीवर जितकी ठळक, तितकी पोत्यातील मालाची चौकशी जास्त व्हायला हवी. परंतु ती होत नाही.

भौगोलिक मानांकन म्हणजे ज्या मालाचा गुण किंवा लौकिक विशिष्ट प्रदेशाच्या माती-पाण्याशी आणि तेथील कसबाशी बांधलेला असतो, त्या मालाच्या नावाला कायद्याने दिलेले संरक्षण. याविषयीचा १९९९चा कायदा २००३मध्ये अमलात आला आणि २०१६मध्ये आजरा घनसाळ तांदळाची त्याखाली नोंद झाली. हे नाव वापरण्याचा हक्क नोंदणीकृत उत्पादकांना, म्हणजे ‘अधिकृत वापरकर्त्यां’ना मिळतो, खोट्या मानांकनाचा माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. शिवाय २००६चा अन्नसुरक्षा कायदा आहेच, ज्यात वेष्टनावर खोटे नाव वा दावा छापलेल्या अन्नाला ‘मिथ्याछाप’ म्हणतात. नियमांची वाण आहे असे म्हणण्यास जागाच नाही.

तरीही दुसराच तांदूळ या नावाने विकला जातो आणि विक्रेत्यांकडे सबबी तयार असतात. सगळेच विकतात, कागदपत्रे कोण करणार, या सबबी जुन्याच असून त्यांत दम नाही. परंतु ‘गिऱ्हाईकाला फरक कुठे कळतो’ ही सबब मात्र थांबून पाहण्यासारखी आहे, कारण ती सांगणाऱ्याचा चेहरा अपराध्याचा नसून उपकारकर्त्याचा असतो. जो फरक गिऱ्हाइकाच्या जिभेला कळत नाही, तो विक्रेत्याच्या गल्ल्याला मात्र नेमका कळतो. अन्यथा पाटी बदलताच भाव कशाने चढला असता? हाच न्याय दूधसंस्थेत लावून पाहावा. ‘चहात फॅट कोणाला कळते’ असे म्हणत एखाद्या शेतकऱ्याने कॅनमध्ये पाणी ओतले, तर फॅटवर दर ठरवणारी संस्था त्याचे कौतुक करणार नाही. आणि २०२५च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीने कोल्हापुरीच्या घाटाची पायताणे दाखवली, तेव्हा ज्या बाजारपेठेने आकाशपाताळ एक केले, तिने मिलानच्या गिऱ्हाइकाला तरी फरक कुठे कळतो, असे म्हणून ते प्रकरण का सोडून दिले नाही? परक्याने नाव न घेता घाट उचलला तर ती चोरी आणि घरच्याने घाट नसताना नाव उचलले तर तो व्यापार, अशी ही सोयीची विभागणी आहे.

नुकसान कोणाचे, हे शिवारात दिसते. घनसाळ ही उंच वाढणारी, उशिरा पक्व होणारी आणि कमी उतारा देणारी जात असून परतीच्या पावसात ती लोळते; तरीही ती लावणाऱ्याच्या हाती भरपाई म्हणून काही असेल तर ती नावाला मिळणारी वाढीव किंमत. तीच दुसऱ्याच्या पोत्यात गेली, तर त्याने ऊस का लावू नये, याचे उत्तर कोणत्याही मानांकनाच्या प्रमाणपत्रात सापडत नाही.

मात्र गिऱ्हाईकही अगदी निष्पाप नाही. घनसाळ आधणात वैरून, झाकण किलकिले ठेवून शिजवावा आणि वास ओसरीपर्यंत यावा, ही रीत सोडून तो प्रेशर कुकरमध्ये कोंबला जातो आणि तीन शिट्ट्यांनंतर वरून मसाल्याची आमटी ओतली जाते. कुकर हे या स्तंभाचे जुने दुखणे आहे आणि त्यावर कायदा व्हावा, ही अपेक्षा अर्थातच वेडगळ. परंतु त्या ताटापुरता तरी, फरक कळत नाही म्हणणारा दुकानदार खोटा ठरत नाही.