लाळेतली कात्री

सकाळी उठल्यावर तोंड चिकट लागतं, कारण झोपेत लाळ जवळजवळ पाझरतच नाही. एरवी दिवसाला अर्धा ते दीड लिटर तयार होणाऱ्या या लाळेची आपण फारशी कदर करत नाही. माउथवॉशच्या बाटलीला मात्र पैसे मोजतो.

कॅन्डिडा अल्बिकन्स ही यीस्टच्या जातीची बुरशी साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात मुक्कामाला असते. लाळेतलं लायसोझाइम, हिस्टॅटिन आणि प्रतिपिंडं तिला डोकं वर काढू देत नाहीत. बुरशीही हात बांधून बसत नाही. ती 'सॅप' नावाची विकरं, म्हणजे एन्झाइम्स, बाहेर सोडते. ही विकरं कात्रीसारखी प्रथिनं कापतात, आणि त्यात हिस्टॅटिन आणि प्रतिपिंडं हे पहारेकरीही आले! तोंडात आम्लता वाढली की यातल्या बऱ्याच विकरांना आणखी जोर चढतो.

पहारा ढिला पडला की बुरशीच्या गोल पेशींचे लांब तंतू होतात आणि ते गालाच्या आतल्या अस्तरात घुसतात. हे तंतू कॅन्डिडालायसिन नावाचं विष सोडतात, असं २०१६ साली लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिलं. अवघ्या ३१ अमिनो आम्लांची साखळी, पण पेशीच्या आवरणाला भोकं पाडते. गंमत म्हणजे हे विषसुद्धा बुरशीचंच एक विकर एका मोठ्या प्रथिनातून कापून काढतं.

त्यामुळे जिभेवर या बुरशीचा पांढरा थर आला की 'हे कुठून लागलं?' असं विचारण्यात फारसा अर्थ नसतो. बुरशी बहुधा घरचीच असते. बदललेलं असतं ते तोंड: रक्तातली साखर वाढलेली, अँटिबायोटिकचा कोर्स झालेला, किंवा दम्याचा स्टेरॉइडवाला पंप ओढल्यावर चूळ भरायची राहिलेली.

कवळीचं प्रकरण जरा वेगळं. वरची कवळी टाळूला इतकी घट्ट बसते की खाली लाळ नीट पोचत नाही. नातवंडांसमोर बोळकं दिसू नये म्हणून कितीतरी आज्या ती रात्रीही काढत नाहीत. टाळू लालभडक होतो, पण बऱ्याचदा दुखत नाही, म्हणून कोणी बघतही नाही. औषध टाळूला लावून भागत नाही. कवळीच्या बारीक छिद्रांतही बुरशी दडलेली असते. कवळी रोज ब्रशने घासून रात्री पाण्यात ठेवली नाही, तर औषध संपताच तीच बुरशी टाळूवर परत येते.