जुन्या इंजिनातील नवा मेंदू

वडिलार्जित वस्तू जशी मिळाली तशीच जपून ठेवावी, की काळानुरूप तिच्यात बदल करून ती चालती ठेवावी? घर, शेतीवाडी, बोलीभाषा, चालीरीती अशा अनेक बाबतींत हा प्रश्न आपल्यापुढे उभा राहतो. परंतु मोठ्या विषयांत भावना आणि हितसंबंध यांची सरमिसळ होऊन विचार गढूळ होतो. म्हणून आम्ही येथे मुद्दाम एक लहानसे उदाहरण घेत आहोत. ते आहे छोट्या आगगाडीच्या जुन्या इंजिनाचे.

इंग्लंडमधील केंट परगण्यात, समुद्रकाठच्या मार्गेट गावी, १९५४ पासून 'ट्राय-अँग' नावाच्या छोट्या आगगाड्या तयार होऊ लागल्या. १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवर धावणारी ती इंजिने आजही अनेक इंग्रज घरांत सापडतात. आजोबांनी बापासाठी आणलेले इंजिन आता नातवाच्या हाती येते. त्याची चालण्याची रीत अगदी साधी. रुळांतून जास्तीत जास्त १२ व्होल्टपर्यंत वीज सोडायची. बटण जास्त फिरवले की वेग वाढतो आणि विजेची दिशा उलटली की इंजिन मागे जाते. मात्र त्याच रुळांवर दोन इंजिने ठेवली, तर दोन्ही एकाच वेळी धावू लागतात. कारण आज्ञा इंजिनाला नसते, रुळाला असते.

१९९० च्या दशकात ही व्यवस्था पालटली. जर्मनीतील लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले मानक अमेरिकेतील छोट्या रेल्वेच्या छांदिष्टांच्या राष्ट्रीय संघटनेने स्वीकारले. या पद्धतीत रुळांवर पूर्ण वीज सतत खेळत असते आणि तिच्यातूनच सांकेतिक संदेश जातात. प्रत्येक इंजिनाला स्वतःचा क्रमांक असतो. त्याच्या पोटातील डीकोडर नावाची इवलीशी पट्टी आपल्या क्रमांकाचा संदेश तेवढाच उचलते आणि वेगाच्या १२८ पायऱ्यांतून मोटर चालवते.

आता जुन्या इंजिनात ही पट्टी बसवावी काय? संग्राहक म्हणतो, "कारागिराने केले ते तसेच राहू द्या, एक तार कापलीत तरी वस्तू खोटी झाली." नातू म्हणतो, "कपाटात ठेवण्यासाठी ते बनवलेच नव्हते; जे धावत नाही ते इंजिन कसले?" दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. प्लूटार्क या ग्रीक ग्रंथकाराने थीसिअसच्या जहाजाची कथा सांगितली आहे. कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलत गेल्यावर ते जहाज तेच राहिले काय, यावर तत्त्वज्ञ वाद घालीत. सतराव्या शतकात हॉब्ज या इंग्रज विचारवंताने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्या कोणी जपून ठेवल्या व त्यांचे पुन्हा जहाज बांधले, तर खरे जहाज कोणते?

आमच्या मते, वस्तू तीच राहिली काय यापेक्षा बदल कोणत्या वृत्तीने केला, हा प्रश्न नीतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा आहे. आणि येथे इंजिनच आपल्याला शिकवते. त्या जुन्या मोटरीत दोन कार्बन ब्रश असतात. त्यांपैकी एकाला स्प्रिंगवरील लहानशा नळीने वेगळे राखलेले असते. दुसरा मात्र धातूच्या सांगाड्याला जोडलेला असतो. एका रुळाची वीज चाकांतून सांगाड्यात आणि सांगाड्यातून त्या ब्रशकडे जाते. जुन्या व्यवस्थेत यात काहीच वावगे नव्हते. उलट एका तारेची बचत होती. परंतु ही जोडणी न ओळखता कोणी डीकोडर बसवला, तर वीज आडवाटेने शिरून तो जळतो. जळते ते नवे; जुन्याला बहुधा काहीच होत नाही. जुनी रचना तशी का होती हे समजून न घेता सुधारणा करू पाहणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावे.

जाणता माणूस म्हणून आधी इंजिन उघडून पाहतो. वाळलेले तेल पुसतो, चाके स्वच्छ करतो. चाक धरून ठेवले असता मोटर किती वीज ओढते ते मोजतो, कारण जुने चुंबक क्षीण झाले की मोटर अधिक वीज मागते. मळलेल्या चाकांचे दुखणे नव्या पट्टीने बरे होत नाही. संदेश तुटत राहिल्याने गाडी उलट अधिकच अडखळते. त्यानंतर तो दुसऱ्या ब्रशलाही तशीच नळी घालून वेगळे करतो. लाल व काळी तार रुळांच्या बाजूस आणि नारिंगी व करडी तार मोटरीस जोडतो. सांगाड्याला कानस लावत नाही. काढलेला प्रत्येक भाग डबीत ठेवतो आणि काय बदलले ते कागदावर लिहून त्याच डबीत टाकतो. हॉब्जच्या कोड्याला हे व्यवहारी उत्तर आहे. पुढच्या पिढीला आपला निर्णय पटला नाही, तर तिला परतीची वाट मोकळी असते.

अर्थात, प्रत्येक इंजिनाला हे करावेच असे नाही. मूळ खोक्यात अस्पर्श राहिलेले एखादे दुर्मिळ इंजिन तसेच राहू द्यावे. त्या काळची साक्ष देणे हेच आता त्याचे काम होय. बदलण्याचा अधिकार आपल्याला आहे म्हणून बदललेच पाहिजे, असा नियम कोठेही नाही.

या डीकोडरांचा आणखी एक गुण सांगण्याजोगा आहे. त्यांपैकी चांगले डीकोडर मोटरीला वीज देता देता क्षणार्धासाठी ती थांबवतात आणि फिरत्या मोटरीतून उलट येणारा दाब मोजतात. चढ लागून वेग घटला असेल तर वीज वाढवतात, उतार असेल तर कमी करतात. जुने बटण केवळ ढकलत होते. नवी पट्टी आज्ञा देते, थांबते, ऐकते आणि मग पुढची आज्ञा देते. वडिलांकडून आलेले काहीही हाती घेऊन ते बदलू पाहणाऱ्याने, आम्हांस वाटते, निदान एवढे तरी ऐकावे.